सहाव्या दोरीचा जामीनदार

२५ सप्टेंबर, बुधवार

आज घर पाहिलं. ओयुननं शोधलेलं. ओयुन मंगोलियाची, माझ्याच वर्गातली, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. विद्यापीठानं आम्हा दोघांना दिलेल्या खोल्या तात्पुरत्या आहेत. डिसेंबर लागला की ती इमारत दुरुस्तीसाठी बंद होणार. वर्गातली निम्मी मुलं त्यामुळे घरं शोधण्यातच गुंतली आहेत. 'शिक्षणाची उद्दिष्टे' या विषयावर प्राध्यापक बोलत असतात आणि मागच्या बाकांवर भाड्याच्या जाहिराती हातोहात फिरत असतात.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भिंतींना बुरशी नाही. बुरशी नाही हे ओयुननं भिंतीवर हात फिरवून, मग हाताचा वास घेऊन ठरवलं. तेवढ्यात घरं भाड्यानं देणाऱ्या कचेरीतल्या कॅलम नावाच्या पोरानं विचारलं, जामीनदार कोण?

जामीनदार म्हणजे, मी भाडं बुडवून पळालो तर ते आपण भरू असं लिहून देणारा माणूस. तो या देशातला हवा, स्वतःच्या घराचा मालक हवा, कामधंद्यात असलेला हवा आणि सत्तरीच्या आतला हवा. ओयुनच्या मावशीचा नवरा लीड्सला असतो, तिचं भागलं. मी कॅलमला म्हणालो, माझ्या गावी चल, अख्खी टेकडी सही करेल. तो म्हणाला, टेकडी चालत नाही.

मग माझं नाव लिहून घेतलं. एरिया तिबेसिग्वा. अंकोले या आमच्या मुलखाच्या बोलीत तिबेसिग्वा म्हणजे 'त्यांचा भरवसा नाही'. आजोबांनी ते शेजाऱ्यांना ऐकवण्यासाठी ठेवलं होतं. कॅलमला अर्थ विचारायचं सुचलं नाही, ही देवाची कृपा.

घर डिसेंबरातच रिकामं होणार आहे. नोव्हेंबर संपेपर्यंत थांबतो, असं कॅलम म्हणाला. मला जामीनदार मिळाला नाही तर ओयुनचंही घर जाईल.  परतताना बसमध्ये तिनं खिडकीला हात लावून पुन्हा वास घेतला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

या देशात मी कुणाकुणाला ओळखतो याचा विचार करत बसलो. बसचा ड्रायव्हर, ग्रंथालयातल्या बाई, कॅलम. आमच्या प्राध्यापकांना विचारलं, तर त्यांना नियमानं मनाई आहे. ते इतके ओशाळले की मलाच त्यांचं सांत्वन करावं लागलं.

आमच्याकडे अशी गोष्ट पहिल्या भेटीत मागत नाहीत. पहिल्यांदा जायचं, गाईगुरांची चौकशी करायची, दिलेलं दूध प्यायचं, निघायचं. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ बसायचं. तिसऱ्या भेटीत, उठताना, दारापाशी आलं की सहज आठवल्यासारखं बोलायचं. मी वीस वर्षं शाळा चालवली ती याच पद्धतीनं. शाळेचं छप्परसुद्धा तिसऱ्या भेटीत मिळालं.

हे ओयुनला सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, तीनदा जायला आधी एक माणूस लागतो."

२९ सप्टेंबर, रविवार

बस जिथे संपते तिथे ऑसलबी नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चची घंटा ऐकू आली म्हणून उतरलो. एक नव्हे, पाच घंटा, एकीमागून एक, जिन्यावरून भांडी गडगडत यावीत तशा. मनोऱ्याचं दार उघडं होतं. गोल जिना चढून गेलो, तर वर पाच म्हातारी माणसं वर्तुळात उभी राहून दोऱ्या ओढत होती. कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांची नजर सगळ्यांवर. सहावी दोरी भिंतीच्या खुंटीला गुंडाळून ठेवलेली.

हीच या मंडळीतली सर्वांत भाविक माणसं असणार, असं मनात आलं. देवाच्या घरी जी माणसं आधी येतात आणि घामाघूम होतात, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. घंटा थांबल्यावर त्यांचा म्होरक्या, पूर्वी गॅसचे नळ जोडणारा डेरेक स्पॉफर्थ, माझ्या खांद्यांकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, दोरी ओढायची सवय आहे का? मी म्हणालो, लहानपणी गुरांसाठी विहिरीचं पाणी ओढायचो. पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. ब्रेंडा नावाच्या आजींनी मला पिशवीतून एक बिस्कीट दिलं, आणि लगेच दुसरं.

ते खाली उतरले आणि बाजूच्या दारानं बाहेर गेले. हातपाय धुऊन येतील म्हणून मी बाकावर त्यांच्यासाठी जागा धरली. एका टोकाला टोपी ठेवली, दुसऱ्या टोकाला कोट, मधे स्तोत्रांची पुस्तकं. उपासना संपली तरी कुणी आलं नाही. लोक माझ्याकडे आदरानं बघत होते; बहुधा कुणी वारलंय असं त्यांना वाटलं असावं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. स्तोत्र म्हणताना माझी नजर फिरत होती. ही बाई घरमालकीण असेल का, त्या गृहस्थाचे जोडे चांगले आहेत. प्रभू क्षमा करो.

६ ऑक्टोबर, रविवार

कोडं सुटलं. घंटावाले उपासनेला येतच नाहीत. घंटा वाजवून सगळ्या गावाला बोलावतात आणि स्वतः कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात अंडी खायला जातात. आज मलाही घेऊन जात होते. मी म्हणालो, प्रार्थना? डेरेक म्हणाला, "ते आतलं खातं वेगळं, गड्या. आम्ही वरचे."

मी विचारलं, देव मानत नाही का?

"माझं त्याच्याशी भांडण नाही. आमचं बोलणं नाही, इतकंच."

मी आत गेलो आणि त्या पाचांसाठी मनापासून प्रार्थना केली. प्रार्थनेत डेरेकचं नाव घेताना हेही मनात आलं की तो घरमालक दिसतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दर बुधवारी संध्याकाळी सराव असतो. घंटा एका चाकावर बसवलेली असते आणि पूर्ण उलटी फिरते. दोरीला एक लोकरीचा जाड गोंडा आहे. तो नेमक्या क्षणी धरायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. धरणं मला जमतं. सोडणं जमत नाही. आज सोडला नाही आणि वर गेलो. पाय जमिनीपासून सुटले. डेरेकनं माझे गुडघे कवटाळले, ब्रेंडाआजींनी डेरेकचा पट्टा धरला, आणि आम्ही तिघं क्षणभर तसेच लोंबकळलो. खाली आल्यावर डेरेक एवढंच म्हणाला की पहिल्याच महिन्यात सगळे जातात वर, लाज वाटून घेऊ नकोस.

ही माणसं फार दयाळू आहेत. ब्रेंडाआजींनी नवऱ्याचा जाड कोट दिला. नवरा वारल्यापासून कोट कपाटातच होता. डेरेकनं घरी केलेला संत्र्याचा मुरंबा दिला आणि आपल्या गाडीतून मला खोलीपर्यंत सोडलं. तुझा अभ्यासक्रम कधी संपतो, असं त्यानं विचारलं, पावसापाण्याची चौकशी करावी तसं. आजींनी विचारलं, बायकोला इकडे थंडी मानवेल का. एकटी पडलेली माणसं. त्यांना बोलायला कुणी हवं असतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

डेरेककडे पहिली भेट दिली. शेंगदाण्याची पुरचुंडी नेली. आधी न कळवता गेलो, कारण आधी कळवून जाणं म्हणजे काहीतरी मागायला येतोय असं सांगणंच. त्यानं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. मीही उभा राहिलो. पाऊस पडत होता. आम्ही तिसऱ्या घंटेच्या चाकाला पडलेल्या चिरेबद्दल पुष्कळ वेळ बोललो. मग त्यानं शेंगदाण्यांबद्दल आभार मानले आणि दार लावलं.

संध्याकाळी केझियाला फोन केला. माझी बायको या बाबतीत माझ्याहून जाणती आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "अमोसचे बाबा, उंबऱ्याबाहेरची भेट धरत नाहीत. आत बसून काहीतरी पिणं झालं पाहिजे."

मी म्हणालो, बुधवारी सरावानंतर आम्ही सगळे दारूच्या गुत्त्यात जातो, मी लिंबूसोडा घेतो, ते धरायचं का? ती विचारात पडली. पिणं झालं, बसणं झालं, पण घर कुणाचं? घर गुत्तेवाल्याचं. म्हणजे नियमानं मी मागणं गुत्तेवाल्याकडे करायला हवं.

ओयुनला हे ताबडतोब पटलं. तिनं रात्रीच जाऊन गुत्तेवाल्याला सरळ विचारलंसुद्धा. ती जागा दारूच्या कंपनीची आहे. तोही भाडेकरूच निघाला, आणि आमच्या घराला बुरशी आहे का असं उलट विचारत होता.

३ नोव्हेंबर, रविवार

आज सहाव्या दोरीवर मला पहिल्यांदा उपासनेआधी उभं केलं. सहावी घंटा सगळ्यांत मोठी. बाकी पाच धावत गेल्यावर शेवटी ती पडते. रोनाल्ड नावाचा माणूस ती वाजवायचा. पलीकडच्या क्रॅनबी गावच्या घंटावाल्यांनी त्याला फोडला, तेव्हापासून ती गप्प होती. क्रॅनबीचं नाव निघालं की डेरेक खिडकीबाहेर बघतो.

माझी घंटा दोनदा उशिरा पडली, एकदा आधी, मग नेमकी. त्या नेमक्या ठोक्याला मनात जे झालं ते मला प्रार्थनेत फार थोड्या वेळा झालंय. खाली आलो तर चर्चच्या फाटकाशी दोन म्हातारे वर मनोऱ्याकडे बघत उभे होते.

डेरेक आज अंडी खायला गेला नाही. मी आत असेपर्यंत बाहेर भिंतीवर बसून राहिला.

१० नोव्हेंबर, रविवार

डेरेककडे दुसरी आणि तिसरी भेट या आठवड्यात उरकली. दुसरीत मागच्या अवजारांच्या खोपटात बसून चहा प्यालो. केझियानं ती धरली. खोपटाला छप्पर होतं. आजची तिसरी घरात. केक होता.

उठलो, दारापाशी आलो, खाकरलो. त्याच वेळी डेरेकही खाकरला. मी म्हणालो, तू आधी बोल. तो म्हणाला, नाही नाही, तू. आम्ही बराच वेळ एकमेकांना पुढे करत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "डिसेंबरनंतर इथेच आहेस ना तू?" मी म्हणालो, देवाच्या मनात असेल तर. त्यानं मान हलवली. देवाचं नाव त्याला फारसं भरवशाचं वाटलं नसावं.

मग मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो की तुझं घर छान आहे. तो म्हणाला, घर मुलीचं आहे, मी मागच्या खोलीत असतो.

मी शेंगदाण्यांबद्दल चौकशी केली आणि निघालो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाकीच्यांचीही सावकाश माहिती काढली. ब्रेंडाआजींचं घर स्वतःचं, पण वय ऐंशीच्या पुढे. दोन भाऊ आहेत, ते जमीनदाराच्या शेतघरात राहतात. पाचवे गृहस्थ काम करतात, पण बायकोपासून वेगळे होऊन होडीत राहायला गेलेत. पाळकबाई तीन आठवड्यांतून एकदा येतात, कारण त्यांच्याकडे सात चर्च आहेत, आणि राहतं घर चर्चचं. खाली बाकांवर बसणारे सगळे निवृत्त. अख्खी मंडळी पांढऱ्या केसांची, सज्जन, आणि कॅलमच्या दृष्टीनं बिनकामाची.

ओयुन म्हणाली की मास्तर, तुम्ही तरुण धर्म निवडायला हवा होता.

ती आता रोज रात्री जेवण झाल्यावर मला इतर घरांचे फोटो दाखवते. एका खोलीत न्हाणीघर आणि चूल एकाच पडद्याआड आहे. तिनं ते फोटो दाखवताना मला दोष दिला नाही. तेच जास्त लागलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज सांगून टाकलं.

आमच्या डोंगरातल्या जागृत मंडळींत चूक पोटात ठेवत नाहीत. सभेत उभं राहायचं, सगळ्यांदेखत सांगायची. त्याला उजेडात चालणं म्हणतात. सांगून झालं की सगळे उठून गाऊ लागतात, हात धरतात, आणि माणूस हलका होतो. इतके दिवस मी देवाघरी एक डोळा घरमालकांवर ठेवून येत होतो. ते ओझं घेऊन मला दोरीला हात लाववेना.

म्हणून सराव सुरू होण्याआधी वर्तुळाच्या मधे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, बंधूंनो, ब्रेंडाआजी, मी तुमच्याकडे निर्मळ मनानं आलो नाही. मला जामीनदार हवा होता. तुमची बिस्किटं खाल्ली, कोट घातला, डेरेकच्या खोपटात बसलो, ते सगळं त्यासाठी. मला क्षमा करा.

कुणी गायलं नाही. हातही धरला नाही. होडीतले गृहस्थ आपल्या बुटांकडे बघू लागले. दोघा भावांतल्या एकानं खिडकी उघडली, दुसऱ्यानं लावली. ब्रेंडाआजी हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला बिशपनं नाही पाठवलं?"

मी म्हणालो, कोणत्या बिशपनं?

"आम्हाला वाटलं, मनोरा बंद करायचा की नाही ते बघायला पाठवलंय. इतक्या लांबून आपणहून कोण येतं?"

सगळे इतके मोकळे हसले की मी गोंधळून गेलो. डेरेक मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "जामीनदार मिळाला नाही तर तू जाणार?" मी म्हणालो, जावंच लागेल, राहायला जागाच नसेल. "नाताळच्या आधी?" हो, आधीच. त्यानं सहावी दोरी हातात घेतली, गोंडा कुरवाळला आणि परत खुंटीला लावली. सराव झाला नाही.

माझ्या कबुलीचं त्याला काही वाटलंच नाही. या लोकांना पाप सांगावं तर ते वेळापत्रक विचारतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज डेरेक चर्चच्या आत आला. सूचना वाचण्याची वेळ झाली आणि तो मधल्या वाटेनं टोपी न काढता पुढे चालत गेला. लोक सरकून बसले. एक आजी पुटपुटल्या की याला मी याच्या लग्नानंतर आज बघतेय इथे.

त्यानं वेदीकडे पाठ केली आणि म्हणाला, "हा एरिया गेला तर सहावी बंद. स्वतःचं घर, चालू नोकरी, सत्तरीच्या आत. कोण आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चर्चमध्ये सत्तरीच्या आतला मी एकटा होतो.

मागून त्याच आजी म्हणाल्या, "क्रॅनबीचा तो दातांचा डॉक्टर आहे की."

डेरेकच्या चेहऱ्याचं वर्णन मला करता येणार नाही. मनोऱ्याच्या दाराकडे जाताना तो येशूच्या खांबावरल्या मूर्तीजवळ थांबला आणि तिच्याकडे त्यानं असं बघितलं, जसं एखादा माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघतो. मी त्याला बोलणं म्हणणार नाही. पण काहीतरी झालं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काल गुत्त्यात बैठक झाली. एका बाजूला डेरेक, दुसऱ्या बाजूला क्रॅनबीचा ज्युलियन पेल, दातांचा डॉक्टर, तिथल्या घंटांचा म्होरक्या. मधे मी आणि लिंबूसोडा. शेजारच्या टेबलावर ओयुन आणि कॅलम. कॅलमला तिनं कागदांसकट बसनं आणलं होतं. रोनाल्ड फुटला त्या दिवसापासून या दोघांचं बोलणं बंद. त्यामुळे दोघंही जे बोलायचं ते मला सांगत होते.

पेलनं मला सांगितलं की त्यांच्याकडे घंटा आठ आहेत आणि माणसं सात. सही करायला तो तयार आहे, पण दर रविवारी मी क्रॅनबीला आलं पाहिजे. डेरेकनं मला सांगितलं की त्या गृहस्थांना सांग, माणूस आम्ही तयार केलाय. पेल म्हणाला, रोनाल्ड परत घ्या त्याच्या बदल्यात. डेरेक म्हणाला की रोनाल्डचा खांदा गेल्यावर परत देताय होय. आमच्याकडे गाईचा सौदा असाच होतो, फक्त गाईला समोर बसवून सोडा पाजत नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. उपासनेच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे घंटा वाजतात. ऑसलबीची उपासना तासभर आधी असते. म्हणजे मी ऑसलबीला सुरुवातीची वाजवायची, पेलच्या गाडीतून क्रॅनबीला जाऊन तिथली सुरुवातीची, परत येऊन इथली शेवटची, पुन्हा जाऊन तिथली शेवटची. गाडी पेलची, पेट्रोल अर्धं अर्धं. सत्र संपेपर्यंत. हात मिळवले नाहीत, पण दोघांनी एकाच वेळी आपापले पेले उचलले.

सही करताना कॅलमनं पेलला विचारलं, भाडेकरूशी नातं काय? पेल थांबला. डेरेक इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलला.

"दोरी लिही," तो म्हणाला.

कॅलमनं 'कौटुंबिक स्नेही' असं लिहिलं.

३ डिसेंबर, मंगळवार

घरात आलो. ओयुननं भिंतींवरून पुन्हा हात फिरवला, मग माझ्यासाठी मीठ घातलेला दुधाचा चहा केला. केझियाला फोनवरून खोल्या दाखवल्या. तिनं विचारलं की त्या दात काढणाऱ्या माणसाकडे तीन भेटी झाल्या का? मी म्हणालो, एकही नाही. ती म्हणाली, मग अजून देणं आहे. नाताळनंतर शेंगदाणे घेऊन जा.

८ डिसेंबर, रविवार

आज पहिला रविवार ठरल्याप्रमाणे पार पडला. ऑसलबीला सहावी, नेमकी. धावत खाली, पेलच्या गाडीत. क्रॅनबीला आठवी, जरा उशिरा. पुन्हा गाडीत. ऑसलबीला पोचलो तर शेवटचं स्तोत्र चालू होतं. ते मी जिन्यात ऐकलं. शेवटची वाजवून पुन्हा क्रॅनबी, तिथेही शेवटचं स्तोत्र, तिथेही जिन्यातच. वाटेत मी गाडीत प्रार्थनेसाठी डोळे मिटले तेव्हा पेलनं रेडिओ बंद केला आणि वेग कमी केला. माझं होईपर्यंत मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना तो हातानं पुढे जा म्हणत होता.

संध्याकाळी शहरातल्या चर्चला जायचं म्हणून बूट घातले आणि खुर्चीतच झोप लागली. खांदे भरून आलेत.

केझियाचा फोन आला तेव्हा जागा झालो. तिनं नेहमीप्रमाणे विचारलं की आज प्रवचन कशावर होतं. प्रवचन ऐकलंच नव्हतं. शेवटी सगळं सांगितलं. दोन गावांना दोन-दोन वेळा घंटा वाजवल्या आणि एकाही उपासनेला बसलो नाही. आता मीही वरचाच झालो, म्हणालो.

 तिच्याकडे मागे गुरं हंबरत होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही बोलावलंत तेव्हा कुणी आत गेलं का?"

मी आठवू लागलो. क्रॅनबीला मनोऱ्याच्या खिडकीतून एक बाई दिसली होती. चालायला काठी, पाऊस, घाई काहीच नाही. माझ्या चुकलेल्या ठोक्याला थांबली, पुढचा पडल्यावर पुन्हा चालू लागली.

"एक गेली," मी म्हणालो.

"मग झालं तर," केझिया म्हणाली. "बूट काढा आणि जेवून घ्या."